जोडीदारणीचा फॉर्म

घडीबाईला इंग्रजी मी शिकवलं असं लोक म्हणतात. लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं. मी तिला वीस शब्द दिले, एवढंच खरं. त्या वीस शब्दांनी तिने जो घोळ घातला, त्यातला निम्मा माझ्या नावावर मांडायला माझी हरकत नाही. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. गुडघे कुरकुरतात, आणि माझा स्वभाव गुडघ्यांहून जास्त कुरकुरतो, असं घरचे म्हणतात. इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखात्यात आठवड्यातून दोनदा बायकांना इंग्रजी शिकवायला बोलावलं, तेव्हा मी ‘हो’ म्हटलं ते केवळ घरी बसून भिंती मोजायचा कंटाळा आला होता म्हणून.

घडीबाई पाच बहिणींतली तिसरी. तिसरीला ना पहिलीचं कौतुक मिळतं ना धाकटीचे लाड, त्यामुळे आपलं आपण निस्तरायची सवय तिला लहानपणापासूनच लागली. बाराव्या वर्षी शाळा सुटली. चौदाव्या वर्षी एका हॉटेलात टॉवेल धुवायला लागली, आणि तेहतिसाव्या वर्षी या तळघरात आली. मी तिला पाहिलं तेव्हा तिला तिथे अठरा वर्षं झाली होती. नवरा बसचा ड्रायव्हर, आता घरी. इंजिनाशेजारी जन्म काढल्यामुळे त्याला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. भांडण झालं की तो तोच कान तिच्याकडे करून बसतो. ‘भांडायचंसुद्धा मला एकटीलाच, काय करता!’ असं ती हसत सांगायची.

तिचं काम चादरींच्या घड्या घालण्याचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. धुतलेल्या ओल्या चादरी तापलेल्या मोठ्या रोलरमधून जातात आणि पलीकडून कडक, चटका बसेल इतक्या गरम बाहेर येतात. तिथे दोघी उभ्या असतात. दोघी दोन-दोन कोपरे धरतात, एक झटका देतात, लांबीत दुमडतात, पुन्हा दुमडतात. मग एक जण चालत दुसरीजवळ येते, आपले कोपरे तिच्या हातात देते आणि लोंबणारं टोक उचलते. एका पाळीत दोघींनी आठ ट्रॉल्या भरायच्या. इतकी वर्षं गरम कापड चिमटीत धरून घडीबाईची बोटं अशी गुळगुळीत झाली होती की हजेरीचं यंत्र तिचा अंगठा ओळखायचं नाही. रोज सकाळी पहारेकरी वहीत तिची सही घ्यायचा. ‘यंत्राच्या मते मी कामावर येतच नाही,’ ती म्हणायची.

घडी एकटीने घालता येत नाही, म्हणून तिथे माणसं जोडीने मोजतात. फळ्यावर नावं जोडीने, ट्रॉल्यांचा आकडा जोडीचा. एक रेंगाळली तर बोलणी दोघींना बसतात. घडीबाईची जोडीदारीण होती रेडिओ. हे नाव तिला पडलं ते उगाच नाही. सकाळी पहिला कोपरा हातात आला की ती जी सुरू व्हायची ती थेट जेवणाच्या सुट्टीला थांबायची. शेजारीण, तिची सून, भाजीवाला, दवाखान्यातल्या रांगा, सगळं यायचं त्यात. रोलरच्या आवाजात दुसऱ्या कुणाला काही ऐकू जायचं नाही. ऐकायची ती फक्त चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली घडीबाई. रेडिओने लग्न केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करता करता वयाची पन्नाशी आली होती.

आता फॉर्मची गोष्ट. इस्पितळ नव्या मालकांकडे गेलं आणि त्यांनी कल्याण विभाग नावाचं एक खातं उघडलं. दर महिन्याला प्रत्येकीने एक कागद भरायचा, इंग्रजीत, कारण तो पुढे परदेशातल्या मुख्य कचेरीत जायचा. प्रश्न चार. या महिन्यात तुमच्यापुढे कोणतं ‘चॅलेंज’ आलं? त्यावर तुम्ही काय ‘सोल्यूशन’ काढलं? तुम्हाला कुणाचा ‘सपोर्ट’ मिळाला? आता तुम्हाला कसं वाटतं? वाईट कल्पना नव्हती. पण पहिल्याच महिन्यात मळके कपडे निवडणाऱ्या एका बाईने शेवटच्या प्रश्नापुढे ‘व्हेरी टायर्ड’ लिहिलं आणि पंधरा दिवसांत तिचं कंत्राट संपलं. ते तसंही संपणारच होतं, की या दोन शब्दांनी संपवलं, देव जाणे. पण तळघराने घ्यायचा तो धडा घेतला. तेव्हापासून सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

माझ्या वर्गात त्याच फॉर्मचे शब्द मी शिकवले. अडचण सांगायचे, मार्ग काढायचे, सावरायचे, मन शांत ठेवायचे शब्द. चॅलेंज, ओव्हरकम, कोप, बॅलन्स, स्ट्राँग. फॉर्मसोबत नमुन्याची उत्तरं आली होती, त्यातूनच मी यादी उचलली. अडचण आली आणि ती सुटलीच नाही, तर काय म्हणायचं, याला त्या यादीत एकही शब्द नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. अठ्ठावीस वर्षं शिकवलं, पण पुस्तकात नसलेलं काय आहे ते बघायची सवय मला कधी लागलीच नाही.

घडीबाईने ते शब्द घड्या घालता घालता पाठ केले. पहिल्या दुमडीला चॅलेंज, दुसरीला सोल्यूशन, आणि चालत जाऊन कोपरे हातात द्यायचे तेव्हा ओव्हरकम. सुरुवातीला रेडिओ खो-खो हसायची. ‘अगं, ही चादर आहे, तुझी प्रयोगशाळा नव्हे,’ म्हणायची. दोन महिन्यांत घडीबाई वाक्यं जुळवायला लागली आणि तळघरातल्या अकरा जणींचे फॉर्म तिच्या हातात आले. बाकीच्या खाली फक्त सही करायच्या. तिने अगदी न्यायाने वाटणी केली. हिला दातदुखी, तिला गळका नळ, आणखी एकीला वात्रट मुलगा. प्रत्येकीला झेपेल एवढी अडचण आणि तिच्या मापाचा मार्ग. मी तपासून द्यायचे आणि मनात हसायचे. खोटं आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण निरुपद्रवी खोटं आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग रेडिओची आई गेली.

चार दिवस रजा घेऊन रेडिओ कामावर आली आणि गप्प झाली. रोलरच्या आवाजात हे कुणालाच कळलं नाही. कळलं ते घडीबाईला, आणि तेही आधी हाताला. चादरीत दोन्हीकडून सारखा ओढा लागतो. समोरचा ओढा ढिला झाला की कापड मध्येच पोट काढतं. रेडिओच्या बाजूने कोपरे सुटायला लागले. एकदा ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आली. डबा आणेना, आणला तर तसाच परत नेई. एक दिवस कोपरे हातात देताना म्हणाली, ‘आज डोळे उघडले आणि वाटलं, उठून तरी काय करायचंय?’

‘होतं गं असं,’ घडीबाई म्हणाली. ‘कामात राहिलीस की बरं वाटेल.’

आणि तिने आपल्या परीने जे करायचं ते केलं. चालत जायची बाजू कायमची स्वतःकडे घेतली. रेडिओने नुसतं उभं राहायचं, धावाधाव हिने करायची. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, पण आठ ट्रॉल्या भरायच्या. फळ्यावरचा आकडा एक दिवससुद्धा खाली आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आयुष्यभराचं धोरण. बहिणींची लग्नं, नवऱ्याचं अपघाताचं प्रकरण, सगळं तिने मूठ झाकूनच पार पाडलं होतं. मूठ आपली असेल तर ठीक. ही दुसरीची होती.

त्या महिन्याचा रेडिओचा फॉर्म तिने फार मन लावून लिहिला. इतरांना दातदुखी चालली, पण जोडीदारणीचं दुःख असं दातदुखीच्या मागे दडवणं तिला बरं वाटलं नाही. म्हणून अडचण खरी लिहिली: आई गेली. पुढचं सगळं माझ्या यादीतून घेतलं. मी रोज सकाळी फिरायला जाते. मैत्रिणींशी बोलते. मी या दुःखावर मात केली आहे, आता मी खंबीर आहे. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं होतं, ते मी लाल शाईने सुधारलं आणि दहापैकी नऊ गुण दिले. ‘छान जमलंय,’ म्हटलं. हे खरं आहे का, असं मी विचारलं नाही. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

पुढचे दोन महिनेही तोच मजकूर गेला, दर वेळी थोडा जास्त खंबीर. आणि एका सोमवारी खाली चिठ्ठी आली. रेडिओचा फॉर्म साऱ्या इस्पितळातून पहिला निवडला होता. गुरुवारी अकरा वाजता वरच्या बैठकीच्या खोलीत मानपत्र, फोटो आणि दोन शब्द. शिवाय नव्या कामगारांना वाटायच्या पुस्तिकेत तिची कहाणी छापणार होते. कल्याण विभागाच्या मॅडमना आमची भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं.

करायला गेले काय आणि वरती झाले पाय! घडीबाई वर्गात आली ती रडकुंडीला येऊन. ‘बाई, आता हो काय करायचं?’

‘खरं सांगायचं,’ मी म्हटलं. दुसऱ्याच्या बाबतीत मला हे फार चटकन सुचतं.

‘खरं सांगितलं तर तिला काढतील. खोटं लिहिलं म्हणून मलाही. तिला घरी बसवलं तर त्या रिकाम्या खोलीत ती काय करून घेईल, मला सांगा! इथे निदान दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर तरी असते.’ मग आवाज उतरवून म्हणाली, ‘पाच मिनिटांचं तर आहे. तिने नुसतं थँक्यू म्हणायचं. मी शिकवते तिला.’

आणि मीही मान हलवली.

गुरुवारी आम्ही तिघी वर गेलो. ‘आय अॅम हर जोडी,’ असं सांगून घडीबाई खोलीत शिरली आणि तिला कुणी अडवलं नाही. लांब टेबल, पाण्याचे पेले, काचेच्या चौकटीतलं मानपत्र, कॅमेरा घेऊन उभा असलेला एक कारकून. मॅडम तरुण होत्या आणि मनापासून आनंदात होत्या. त्यांनी रेडिओचे दोन्ही हात धरले, तिला खुर्चीत बसवलं, फॉर्म समोर घेतला आणि सांगितलं की आधी आपण तिचेच शब्द वाचू, मग फोटो काढू. त्या एक ओळ इंग्रजीत वाचायच्या आणि मी ती आमच्या भाषेत सांगायची.

‘चार महिन्यांपूर्वी माझी आई गेली,’ मी सांगितलं.

रेडिओने मान वर केली.

‘सुरुवातीला मला फार जड गेलं. मग मी रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. मैत्रिणींशी मन मोकळं करू लागले. मी दुःखावर मात केली. आता मी खंबीर आहे.’

खोलीत टाळ्या वाजल्या. म्हणजे मॅडमनी आणि कारकुनाने वाजवल्या. रेडिओ माझ्याकडेच बघत होती. फॉर्म घडीबाई भरते हे तिला माहीत होतं, पण आत काय असतं ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

‘हे मी कधी म्हटलं?’ तिने मला विचारलं.

‘काय म्हणाल्या त्या?’ मॅडमनी हसत विचारलं.

आणि मी, जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई, इंग्रजीत म्हणाले, ‘त्या म्हणतात, मी आपली आभारी आहे.’

‘नाही बाई.’ घडीबाई उभी राहिली होती. ‘ती असं नाही म्हणाली. मला कळतं आता.’ मग ती मॅडमकडे वळली. टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. ‘मॅडम. आय राइट. नॉट शी. आय राइट लाय. शी इज नॉट स्ट्राँग. शी इज नॉट वेल. फोर मंथ शी इज नॉट वेल.’

व्याकरण सगळं चुकलं होतं. मी एक अक्षर सुधारलं नाही.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, का लिहिलंत असं? तेव्हा घडीबाईचं इंग्रजी संपलं आणि ती भडाभडा आमच्या भाषेत बोलली. त्या ‘व्हेरी टायर्ड’वाल्या बाईची हकिगत, तळघराची भीती, अकरा जणींच्या दातदुख्या, काही लपवलं नाही. नंतर याबद्दल तिला तीन महिने मळक्या कपड्यांच्या बाजूला टाकलं, तिथला वास मुकाट सोसावा लागला. नोकरी वाचली, ती मॅडमनी शब्द टाकला म्हणून. त्या दिवशी मात्र यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. नोकरी गेली असं समजूनच ती बोलत होती, आणि मी पहिल्यांदा जसंच्या तसं सांगत होते.

मॅडमनी मानपत्र उचललं, उपडं ठेवलं आणि कारकुनाला बाहेर पाठवलं. मग रेडिओसमोर खुर्ची ओढून बसल्या. मला म्हणाल्या, ‘त्यांना विचारा, त्यांना काय म्हणायचंय.’

‘मला घरी जायचं नाही,’ रेडिओ म्हणाली. ‘इथंही यायचं नाही. कुठेच जायचं नाही मला.’

मी तेवढंच सांगितलं.

मॅडम उठल्या आणि त्यांनी फोन लावला. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मनाच्या आजारांचे डॉक्टर बसत होते. त्यांच्या वॉर्डाच्या चादरी या दोघींनी अठरा वर्षं दुमडल्या, पण तो मजला कधी पाहिला नव्हता. चिठ्ठी लिहून मॅडम म्हणाल्या, ‘आत्ताच जा. पगारी रजेचं मी बघते.’

बाहेर पॅसेजमध्ये रेडिओ थांबली. रागावलेली दिसत नव्हती, फार थकलेली दिसत होती.

‘अठरा वर्षं माझ्यासमोर उभी आहेस,’ ती घडीबाईला म्हणाली. ‘तो कागद भरताना एकदा तरी विचारायचंस ना, कशी आहेस म्हणून.’

घडीबाईने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. ‘भीती वाटली गं. तू खरं सांगितलं असतंस. मग मी काय केलं असतं?’

‘काही नसतं केलंस तरी चाललं असतं,’ रेडिओ म्हणाली. ‘ऐकलं असतंस.’

आम्ही लिफ्टने वर गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक चष्मेवाली बाई बसली होती. तिने चिठ्ठी घेतली, कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि आमच्या भाषेत विचारलं, ‘काय त्रास होतो?’

सवयीने घडीबाई पुढे झाली. तोंडही उघडलं तिने. मग मिटलं, आणि बाजूला होऊन तिने रेडिओला खिडकीसमोर जागा करून दिली.

‘तिलाच विचारा,’ ती म्हणाली. ‘मलाही ऐकायचंय.’